हाडकी की पोची

भाऊ दोघेच आले होते, पण अंगण भरून गेलं. मधल्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. धाकट्याचे हात रिकामे होते आणि नवीला, घरच्या सुनेला, त्या रिकाम्या हातांचीच जास्त धास्ती वाटली. तिसरा, त्यांचा थोरला, पाच दिवसांपूर्वी रानात मेला होता. झाड तोडता तोडता कुऱ्हाडीचा दांडा पात्यापाशी मोडला, पातं बुंध्यावर आपटून उलटं आलं आणि गळ्यात रुतलं. ओरडायलासुद्धा सवड मिळाली नाही बिचाऱ्याला.

दांडा याच घरचा होता.

घर दांडेवाल्याचं. कुऱ्हाडी, कुदळी, विळे, कोयते, ज्याला म्हणून पातं असतं त्याला मूठ लागते, आणि ती मूठ तीन पिढ्या याच अंगणात तासली जात होती. घरात माणसं चारच. म्हातारा, म्हातारी, त्यांचा एकुलता एक लेक आणि सून. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी सुनेला सगळे नवीच म्हणत. ती मूळची दांडेवाल्यांचीच लेक, डोंगरापलीकडच्या. तासकाम तिच्या हातात बसलेलं होतं. पण सासरी कोयता धरायचा तरी कसा, इथपासून तिला नव्याने ऐकून घ्यावं लागलं होतं. आमच्याकडे असं नाही करत, हे वाक्य तिने एवढ्या वेळा ऐकलं होतं की आताशा ती काही विचारतच नसे. जसं दिसेल तसं करायची आणि गप्प बसायची.

मधल्याने विचारलं, लाकूड कसलं होतं. नवीचे मामंजी तासायच्या लाकडी घोडीवर बसून दोन मुठींच्या सुरीने दांडा ओढत होते. त्यांनी सुरी थांबवली आणि सांगितलं, हाडकीचं, आमच्या घरातून दुसरं लाकूड जात नाही. मधला म्हणाला, हाडकीचं असतं तर काडीसारखं मोडलं नसतं. दाखवायला तुकडाही उरला नव्हता. थोरल्याच्या आईने रागाच्या भरात मोडका दांडा चुलीत कोंबला होता.

इथवर बोलणं बोलण्यासारखं होतं. मग नवीचा नवरा बोलला आणि सगळा विचका झाला. तो आपला सरळपणे म्हणाला की घाव तिरका पडला असेल, तिरक्या घावाला लोखंडसुद्धा टिकत नाही.

धाकट्याने त्याला मानगुटीला धरून घोडीशी आणलं. मामंजींना एका हाताने बाजूला सारलं. घोडीला दांडा पकडायचा लाकडी शिकंजा असतो, खालची फळी पायाने दाबली की वरचा ठोकळा आवळतो. धाकट्याने नवऱ्याचा डावा पंजा त्या ठोकळ्याखाली घातला आणि फळीवर दोन्ही पायांनी उभा राहिला. तीन बोटं मोडली. आवाज फार मोठा झाला नाही. नवऱ्याचा आवाज मात्र आळीच्या टोकापर्यंत गेला असणार, तरी एकही दार उघडलं नाही. नवी धावली तर मधल्याने कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, तिच्या पोटात मारला. ती भिंतीशी बसली आणि बराच वेळ तिला श्वासच घेता येईना. आत्याबाई, तिची सासू, तोंडावर मारून घेत होत्या.

मामंजी जिथे सारले गेले होते तिथेच उभे होते. हातात सुरी होती. ती त्यांनी उचलली नाही की खाली ठेवली नाही.

"आता उजवा," मधला म्हणाला आणि त्याने खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली.

"थांबा," मामंजी म्हणाले. "लाकूड घळीतलं आहे. खोडं अजून तिथेच आहेत, त्यांना धुमारे फुटलेत. पंधरवड्या-महिन्यात फूल येईल. पांढरं आलं तर माझा शब्द खरा. नाही आलं तर माझ्या लेकाचा उजवा हात घ्या."

लेकाचा हात त्यांनी असा पणाला लावला, एखादं अवजार गहाण टाकावं तसा. नवीला तेव्हा वाटलं, किती खात्री असेल माणसाला.

भाऊ कबूल झाले. रानातल्या माणसांना हाडकी आणि पोची यातला घोळ माहीत असतो. दोन्ही झुडपं पुरुषभर उंच, दोन्हींची साल राखी, दोन्हींचे काटे जोडीजोडीने, पानं म्हणाल तर सख्ख्या बहिणींसारखी. हाडकीचं लाकूड हाडाचं. पोची ओली असताना तितकीच घट्ट लागते, पण सुकली की तिचा गाभा आटतो आणि मधे आरपार बारीक नळी पडते. वर्षातून एकदाच दोघी वेगळ्या दिसतात. पानं गळालेल्या काटक्यांवर हाडकीला एकेकटं, ताठ, पांढरं फूल येतं. पोचीचं फूल फिकट गुलाबी, घोसाने खाली लोंबणारं. आठ-दहा दिवसांचा खेळ, मग पुन्हा दोघी सारख्याच.

भावांनी घळीतल्या खोडांभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि पाळीपाळीने तिथे बसू लागले, म्हाताऱ्याने जाऊन झुडूप उपटू नये म्हणून. मामंजी दोनदा काठी टेकत तिकडे गेले आणि दोनदा परत आले. दुसऱ्या खेपेला त्यांचा ओठ फुटलेला होता.

घळीतलं ते लाकूड नवीनेच तोडलं होतं. गेल्या वर्षीच्या थंडीत, लग्न होऊन चार महिने झाले असतील नसतील. नवरा तापाने आडवा होता, मामंजींचे गुडघे घळ उतरायला तयार नव्हते. आत्याबाईंनी कोयता हातात दिला आणि सांगितलं, झुडपांना चिंध्या बांधलेल्या आहेत, बघून तोड. तिने बघून तोडलं. चार खेपांत बावीस सोट आणले, ते माळ्यावर सुकायला टाकले. कोणी शाबास म्हटलं नाही, कोणी बोललंही नाही. म्हणजे बरोबर आहे, असं तिने धरलं. एकदा तोडलेल्या घळीकडे हे लोक चार वर्षं फिरकत नसत, त्यामुळे नंतर कोणी तिकडे पाहिलंच नाही.

नवऱ्याचा पंजा सुजून काळा पडला. ती रोज गरम पाण्याने शेकायची, बोटांना खपाट्या बांधायची. तो उजव्या हाताने दांडे घासायचा, एकाच हाताने, गुडघ्यात धरून. मधेच थांबून उजवा हात उलटासुलटा करून बघायचा. एकदा तिला हसून म्हणाला, फूल पांढरंच येणार, बाबा असे तसे शब्द देत नाहीत. तिनेही मान हलवली.

मग एका दुपारी आत्याबाई जुनं लुगडं फाडायला बसल्या. टेकडीवरच्या हाडक्या फुलायला आल्या होत्या, त्यांना बांधायच्या चिंध्या हव्या होत्या. नवी दुसऱ्या टोकाला धरून बसली. सहज म्हणाली, एवढ्या कशाला, राखायची झुडपं असतात किती.

"राखायची?" आत्याबाई म्हणाल्या. "तोडायच्या झुडपांना बांधतात चिंधी. फुलात ओळखायचं, बांधून ठेवायचं, पुढच्या थंडीत पानं झडली की तेच तोडायचं."

नवीच्या हातातलं कापड सुटलं. तिच्या माहेरी चिंधी बांधतात ती बीज धरायला सोडलेल्या झुडपाला. चिंधी दिसली की हात लावायचा नाही. बाकीचं सगळं तोडायचं, कारण तिकडे पोची उगवतच नाही, ओळखायचा प्रश्नच नसतो. घळीत तिने चिंधीवाली झुडपं एकेक करून चुकवली होती. वाकून, जपून, त्यांच्या सालीचं एक ढापडं निघू नये म्हणून काळजी घेऊन. आणि शेजारची पोची बावीस सोट तोडून आणली होती.

थोरल्याला तिने पाहिलेलं होतं. बाजारात दांडा घेताना तो तळहातावर तोलून म्हणाला होता, वहिनी, हलका आहे, पण चांगला आहे. त्याच दांड्याने तो गेला. आणि आता नवऱ्याचा उजवा हातही तिच्याच चुकीपायी जाणार होता.

आत्याबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी चिंध्यांची गुंडाळी केली, ती नवीच्या कमरेला खोचली आणि हळूच म्हणाल्या, कोणाजवळ ब्र काढू नकोस. मग पाणी आणायला म्हणून उठून गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

दोन दिवस नवीने घास गिळला तो नुसता गिळायचा म्हणून. आपण होऊन भावांकडे जावं, आपलाच हात पुढे करावा, असं तिच्या मनात शंभरदा आलं. जायचं धाडस मात्र होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीशी गेली तर मामंजी तिथे बसलेले. अलीकडे हे रोजचंच झालं होतं. ज्या माणसाने जन्मात चुलीत काटकी सारली नव्हती, तो पहाट झाली की स्वतः लाकडं आणून जाळ घालत बसायचा. थंडी सोसत नाही म्हणे. वीत-वीतभर लांबीचे, साल काढलेले, गुळगुळीत तुकडे असायचे. तासायच्या कामातला टाकाऊ माल असेल म्हणून तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मामंजींना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले. नवी चुलीसमोर बसली. चुलीतून बारीक शिट्टी ऐकू आली. एका तुकड्याच्या बाहेरच्या टोकाला काहीतरी बुडबुडत होतं. पिवळट मेण, त्यात लाकडाचा भुसा कालवलेला. ते वितळून दगडावर टपटप गळलं, पेटलं, आणि त्या जागी गोल भोक उघडलं. भोकातून धूर यायला लागला, चिलमीतून यावा तसा.

तिने तुकडा ओढून राखेत विझवला. बोटं भाजली. मेणाचा वास तिच्या ओळखीचा होता. पावसाळ्यानंतर मामंजी एकेका दांड्याच्या बुडाला गरम मेण आणि भुसा भरत बसले होते, वरून घासून सारखं करत होते. तिने तेव्हाही पाहिलं होतं. आमच्याकडे असं नाही करत, असं तिला तेव्हा म्हणता आलं असतं. पण या घराची पद्धत असेल म्हणून ती गप्प बसली होती.

म्हणजे मामंजींना माहीत होतं. सुरी फिरवतानाच माहीत होतं. त्यांना कसं नाही कळणार? पन्नास वर्षं लाकूड तासलेला माणूस! लाकूडतोड्यांना तोडणीच्या आधी दांडे द्यायचा शब्द दिलेला, माळ्यावर दुसरं सुकं लाकूड नव्हतं, आणि घराचं नाव. म्हणून भोक बुजवून दिले. मग माणूस मेला. मग अंगणात उभं राहून लेकाचा हात पणाला लावला. फूल कुठलं येणार ते माहीत असताना लावला. आणि आता उरलेले दांडे तुकडे करून चुलीत संपवत होते.

तुकडा पदरात गुंडाळून ती नवऱ्याकडे गेली. आधी स्वतःची चूक सांगितली, चिंधीची. मग मेणाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग उजव्या हाताने त्याने तिच्या तोंडात अशी ठेवून दिली की ती दाराच्या चौकटीवर आपटली. वर पुन्हा एक. तिच्या दातातून रक्त आलं.

"चूक तू केलीस ती केलीस," तो म्हणाला, "आणि वर बापावर घालतेस?"

तिने तुकडा पुढे धरला. त्याने बघितला नाही. पण त्या दिवशी त्याने दांडा घासायला घेतला नाही, आणि बापाने हाक मारली तर ओ दिली नाही.

चार दिवसांनी धाकटा अंगणात येऊन उभा राहिला. एवढंच म्हणाला, फुललंय.

घळीत ऊन पडलं होतं. मधला कुऱ्हाड घेऊन कुंपणापाशी उभा होता आणि त्याच्या जवळ दगडावर त्यांची आई बसली होती, हाडांचा सापळा झालेली बाई. कोणी काही सांगायची गरज नव्हती. ज्या झुडपांवर विटक्या चिंध्या लटकत होत्या ती पांढऱ्या ताठ फुलांनी भरली होती. त्यांच्या मधोमध, खोडांवरच्या कोवळ्या धुमाऱ्यांना, गुलाबी घोस लोंबत होते. आंधळ्यालाही वेगळं कळलं असतं. नवऱ्याने ते पाहिलं आणि उजवा हात पोटाशी ओढून घेतला.

धाकट्याने त्याला गुडघ्यावर बसवलं. उजवा हात मनगटापर्यंत खोडावर ठेवला, वर आपला गुडघा दाबला. घोस हलले, पाकळ्या नवऱ्याच्या बाहीवर पडल्या. मधल्याने थुंकी तळहाताला लावली.

"माझ्या लेकाने तोडलं नाही हे," मामंजी एकदम म्हणाले. काठी त्यांनी नवीकडे रोखली. "हिने तोडलंय. परक्या घरची, ओळख ना पाळख. मला काय ठाऊक हिने काय आणलं ते? घ्यायचा तर हिचा हात घ्या."

मधल्याने नवीकडे पाहिलं. गेले सहा दिवस जे जमत नव्हतं ते आता जमलं. ती पुढे गेली आणि नवऱ्याशेजारी, त्याच खोडाशी बसली.

"मीच तोडलंय," ती म्हणाली. "चिंधी म्हणजे राखायचं, असं मला वाटलं. चूक माझी आहे." मग तिने कमरेचा तुकडा काढला आणि भावांच्या म्हाताऱ्या आईच्या हातात दिला. "पण तोडताना पोची कळत नाही. तासताना कळते. हे कोणी तासलं ते मामंजींना विचारा. आणि मेण कोणी भरलं तेही विचारा."

म्हातारीने तुकडा उलटासुलटा केला. जळकं टोक पाहिलं, दुसरं टोक पाहिलं, भोकाच्या कडेला चिकटलेलं मेण नखाने खरवडून नाकाशी नेलं. मग तिने तुकडा तोंडाला लावला आणि फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून काळी राख उडाली.

"बुजवून दिलास," म्हातारी मामंजींना म्हणाली. "माझ्या पोराच्या हातात बुजवून दिलास."

नवरा गुडघ्यावर बसल्या बसल्या मान वळवून बापाकडे बघत होता, आणि त्याची नजर तशीच लागून राहिली.

"बाबा," तो म्हणाला, "माझी बोटं मोडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मामंजी म्हणाले, "घराचं नाव गेलं असतं रे."

नवऱ्याने मान खाली घातली. धाकट्याचा गुडघा अजून त्याच्या मनगटावर होता. तो गुडघ्याला उद्देशूनच बोलल्यासारखा बोलला.

"ज्याने माझा हात पणाला लावला त्याचा घ्या."

म्हातारीने मान हलवली. धाकटा उठला. मामंजी पळाले, पण गुडघे कुठले साथ देतात, चार पावलांवर काट्यांच्या कुंपणात पडले. धाकट्याने त्यांना तिथून ओढलं तेव्हा गाल, कान सगळं फाटलं होतं. त्यांनी लेकाला हाक मारली. मग नवीलासुद्धा हाक मारली, पोरी म्हणून. दोन वर्षांत पहिल्यांदा. नवरा खोडापासून बाजूला झाला, आणि त्या जागेवर बापाचा हात ठेवला गेला. मधल्याने एकच घाव घातला. त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा नीट टिकला.

मामंजी ओरडले नाहीत, धापा टाकत राहिले. गुलाबी घोसांवर रक्त उडालं होतं. म्हातारी उठली, नवीपाशी आली आणि हातातल्या तुकड्याने तिने नवीच्या पाठीवर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे मारलं. तुकडा मोडेपर्यंत मारलं. नवीने हात आडवा केला नाही. मग म्हातारीने अर्धा तुकडा टाकून दिला, लेकांना चला म्हणाली आणि घळ चढायला लागली.

नवीच्या कमरेला चिंध्यांची गुंडाळी होती. तिने ती सोडली. एक चिंधी मामंजींच्या मनगटाच्या वर आवळली, तिच्यावर दुसरी, मग उरलेल्या सगळ्या, एकावर एक, हात घट्ट ठेवून. सगळ्या भिजल्या. नवऱ्याने बापाला पाठीवर घेतलं. मोडक्या बोटांनी त्याला पाय धरता येईनात, म्हणून नवी मागून धरून चालली.

मामंजी जगले. घोडीवरून मात्र ते कायमचे उठले.

आठ दिवसांनी, फुलं झडायच्या बेतात, नवी आणि नवरा टेकडीवर गेले. आत्याबाईंनी नव्या चिंध्या फाडून दिल्या होत्या. तिची पाठ अजून वाकत नव्हती आणि डावा पंजा त्याने गळ्यात अडकवला होता. पहिली हाडकी वाटेवरच भेटली, पांढऱ्या फुलांनी गच्च. तिने काटकी वाकवून फूल निरखलं, एकेकटं आहे, ताठ आहे, खात्री करून घेतली. चिंधीचं एक टोक तिने धरलं, दुसरं त्याने धरलं. गाठ मारायला दोघांचे मिळून दोन हात लागले.

तो चिंधीकडे बघत थांबला.

"ही तोडायची की राखायची?" त्याने विचारलं.

तिने गाठ आवळली.

"राखायची," ती म्हणाली. "तोडायचीला दोन गाठी मारू."